पद्मिनी देऊन कॉन्टेसा घ्यावी का?

सांगली-साताऱ्याकडे जुन्या गाड्यांचा व्यवहार रोखीपेक्षा बदलीवर जास्त चालतो. "तुमची पद्मिनी द्या, आमची कॉन्टेसा न्या, वर इतके द्या." दोन्ही मालकांना आपापल्या गाडीचा कंटाळा आलेला असतो आणि समोरची गाडी लांबून बरी दिसत असते. मग बोलणं सुरू होतं ते वरच्या पैशांवर, आणि तिथंच अडून बसतं. माझं मत असं की वरचे पैसे सगळ्यात शेवटी काढायचे. आधी दोन्ही गाड्यांचं उरलेलं काम मोजायचं. त्यातही पैसे टाकले की होणारं काम कुठलं आणि पैसे टाकूनही न होणारं कुठलं, हे वेगळं काढायचं.

या जोडीपुरतं बोलायचं तर निष्कर्ष आधीच सांगून टाकतो, कारण तो बऱ्याच जणांना उलटा वाटतो. चकचकीत रंगवलेल्या, चालू कॉन्टेसापेक्षा बंद पडलेली, पण पत्रा खरा आणि ट्रिम (जाळी, दिव्यांच्या काचा, कड्या असे आतले-बाहेरचे तुकडे) पूर्ण असलेली कॉन्टेसा घ्यावी. इंजिन आपल्या भागात कुठंही होतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोअर, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग करणारे शेजारी शेजारी बसलेत. कुपवाड एमआयडीसीत एखादा बुश टर्न करून घ्यायला अर्धा दिवस लागतो. कॉन्टेसाच्या मागच्या दिव्याची अखंड काच मात्र कुठल्याच लेथवर निघत नाही.

दोन्ही गाड्यांची जात आधी लक्षात घेऊ. पद्मिनी म्हणजे मुळातली फियाट ११००: १०८९ सीसी, साधारण ४० अश्वशक्ती, हँड गिअर (स्टिअरिंगजवळचा दांडा), चारी चाकांना ड्रम ब्रेक, वजन ९०० किलोच्या आत. कॉन्टेसा हिंदुस्तान मोटर्सची, १९८४ची, ब्रिटनच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरच्या शेवटच्या पिढीवरून घेतलेली, बंगालमधल्या उत्तरपाड्याला बनलेली. सुरुवातीच्या कॉन्टेसाला अँबेसेडरचंच १४८९ सीसीचं इंजिन होतं आणि त्या देहाला ते पुरत नव्हतं. नंतरच्या १.८ जीएलला इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन आणि पाच गिअर आले. बदली करायची तर या दुसरीशीच. १४८९वाली घेणार असाल तर ती शांतपणे जपायची वस्तू म्हणून घ्या. घाटात तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

दोन्ही गाड्यांना वेगळी चॅसिस (खालचा सांगाडा) नाही, पत्रा हीच चॅसिस. म्हणून पाहणीचा निम्मा वेळ पत्र्याला द्यायचा. पद्मिनीत दाराखालच्या सिल, ड्रायव्हरच्या पायाखालचा फ्लोअर, डिकीत स्टेपनी बसते तो खड्डा, बॅटरीचा ट्रे आणि जॅक लावायच्या जागा आधी गंजतात. कॉन्टेसात दारांच्या खालच्या कडा, मागच्या खांबाचा पाया, डिकीचा तळ आणि मागच्या काचेच्या बीडिंगखालची कड. बीडिंगखाली गंज असेल तर पावसाचं पाणी मागच्या सीटखाली उतरतं आणि तिथला फ्लोअर वरून कार्पेट छान दिसत असतानाच जातो. सीट काढूनच बघा. चार बोल्टचं काम आहे; नको म्हणणाऱ्या मालकाकडून गाडी न घेतलेलीच बरी.

लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) किती भरलीय हे कळायला लोहचुंबक कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. सिलवर, चाकाच्या कमानीवर, दाराच्या खालच्या वीतभर भागात ते सुटलं की समजा खाली लांबी आहे. रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर उत्तमच. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो, एकदा नीट रंगवलेली गाडी २०० ते ३००, आणि हजाराच्या वर आकडा आला तर तिथं रंगाखाली लांबी आहे. सगळी गाडी २५०ने सारखी दाखवत असेल तर घाबरायचं कारण नाही. दाराचा वरचा भाग २५० आणि खालचा १४०० असेल तर त्या दाराच्या आत नवा पत्रा नाही, नुसतं भरण आहे.

आता सांगलीचं खास. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन महापुरांत गावभाग, मारुती चौक, हरभट रोड, दत्तनगर या बाजूच्या कितीतरी गाड्या छपरापर्यंत पाण्यात होत्या. त्यातल्या काही जुन्या गाड्या नंतर रंगून 'रिस्टोअर केलेल्या' म्हणून फिरतायत. पूर पाहिलेली गाडी विकायला हरकत नाही, पण ती त्या भावात विकली पाहिजे. ओळखायचं कसं? सीट बेल्ट असतील तर रिळातून शेवटपर्यंत ओढा. बाहेरचे दोन-तीन फूट धुतलेले असतात. आतल्या शेवटच्या हातभर पट्टीवर गाळाची आडवी रेघ राहते. बेल्ट नसलेल्या पद्मिनीत हेडलाइटची रिंग सोडवून आतला वाडगा बघा, तिथं कृष्णेचा काळा गाळ पापुद्र्यासारखा वाळून बसलेला असतो. डॅशबोर्डखाली आडवं पडून वायरिंगचे जोड बघा. पितळी टोकं हिरवी पडलेली असतील तर गाडी बुडालेली असण्याचा संशय धरा. मागच्या डिफरन्शिअलचा भरायचा नट सोडून बोट घाला. तेल दुधाळ असेल तर पाणी आत गेलंय आणि त्यानंतर कुणी ते बदललंही नाही.

गाळाचा खरा त्रास सिलच्या पोकळीत होतो. तळाशी पाणी निघायला बारीक भोकं असतात, ती गाळानं बुजतात. आत ओल वर्षानुवर्षं टिकते आणि पत्रा आतून बाहेर गंजत येतो. बाहेरून नुकताच रंग दिलेला, म्हणून दोन पावसाळे काही दिसत नाही. त्या भोकात तार घालून बघा, तारेबरोबर माती आली तर समजून जा. फोनला लागणारा बारीक कॅमेरा ऑनलाइन स्वस्तात मिळतो, तो त्याच पोकळीत घातला की वादच राहत नाही.

पद्मिनीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट तपासायची, विशेषतः समोरच्याच्या दारात तुमच्या कॉन्टेसाच्या बदल्यात पद्मिनी उभी असेल तर: ती मुंबईची टॅक्सी होती का? मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून गेली, आणि त्याआधीच्या वर्षांत निवृत्त झालेल्या काही टॅक्स्या क्रीम नाहीतर लाल रंग लावून आपल्याकडे आल्या. दाराचं रबर बोटानं मागं सारा. रबराखाली काळा आणि छपराच्या आतल्या कडेला पिवळा रंग सापडला की गोष्ट संपली. डाव्या पुढच्या बाजूला मीटरच्या बैठकीची बुजवलेली भोकं असतात, छपरावर कॅरिअरच्या खुणा. अशी गाडी चालवायला वाईट नसते. तिला मिस्त्रीचा हात सतत लागलेला असतो. पण संग्राहकाच्या हिशेबात तिचा भाव वेगळा आणि कागदही वेगळे. परवान्यावरून खासगी नोंद झाल्याचं आरसीवर दिसलंच पाहिजे.

कॉन्टेसाची ट्रिम हा तिचा सगळ्यात महाग भाग. पुढची जाळी, हेडलाइटच्या चौकटी, मागच्या दिव्यांच्या काचा, बंपरचे कोपरे, दारांच्या कड्या, काच चढवायचे हँडल, मीटरचं पूर्ण पॅनेल, चाकांचे कप, मागची काच. एकेक मोजा आणि कागदावर लिहा. तुटलेला तुकडा डिकीत पडलेला असला तरी तो 'आहे' म्हणून धरा, कारण नमुना म्हणून त्यावरून फायबरचा तरी करता येतो. नसलेल्या तुकड्याला 'मिळेल हो मुंबईला' असं कुणी म्हटलं तर त्यालाच व्यवहाराआधी आणून द्यायला सांगा. पद्मिनीचं या बाबतीत सोपं आहे. इतकी वर्षं टॅक्सी म्हणून चालल्यानं तिचे सुटे भाग मुबलक बनले. नवे मडगार्ड पातळ पत्र्याचे येतात आणि बसवताना ठोकाठोकी लागते, पण मिळतात.

इंजिनकडे आलो. पद्मिनीचं हेड ॲल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा. एकदा जोरात तापली की हेड वाकतं, गॅस्केट उडतं, आणि नुसतं गॅस्केट बदलून दिलं की सहा महिन्यांत पुन्हा तेच. हेड फेसिंग (हेडचा तळ सपाट करून घेणं) केल्याशिवाय गॅस्केट बसवू नये. कॉन्टेसाच्या इसुझू इंजिनात टायमिंग बेल्ट आहे. तो कधी बदलला याचं बिल नसेल तर स्टार्टर मारत न बसता आधी बेल्ट बदलायचा, हा खर्च हिशेबात आधीच धरा. एक फायदा असा की हेच इंजिन अँबेसेडर १८०० आयएसझेडलाही होतं, त्यामुळे कॉन्टेसाच्या नावानं न मिळालेला भाग त्या नावानं मागितला की निघतो.

दोन्हींचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) एकाच गेजनं, एकाच दिवशी मोजा. इंजिन गरम करायचं, चारी प्लग काढायचे, कॉइलची वायर सोडायची, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा आणि स्टार्टर पाच-सहा फेरे फिरवायचा. बॅटरी भरलेली हवी, नाहीतर आकडा खोटा येतो. ॲक्सिलरेटर दाबायला विसरलं तरी तेच. बरीच चांगली इंजिनं याच कारणानं 'बसलेली' ठरतात. चारी सिलिंडर ११० पीएसआयच्या वर आणि आपसातला फरक दहा टक्क्यांच्या आत असेल तर इंजिन उघडायची घाई नको. एखादा सिलिंडर कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा गेल्यात, नाही चढला तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी असतील तर त्या दोघांच्या मधलं गॅस्केट गेलंय. बंद गाडी असेल तर आधी प्लगच्या भोकातून थोडं तेल सोडून एक दिवस ठेवा आणि पुलीच्या नटावर पाना लावून हातानं फिरवा. फिरली की पुढं बोला.

मिस्त्रीनं 'इंजिन केलंय' सांगितलं तर पिस्टन कितव्या साइजचे घातले ते विचारा. वीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जास्त असेल तर पुढं चाळीस, साठला जागा आहे. साठ होऊन गेले असतील तर पुढच्या वेळी ब्लॉकला स्लीव्ह (आतून नवी नळी) घालावी लागेल. क्रँकचंही तसंच, दहा-वीस-तीस करत शेवटचा टप्पा किती राहिलाय ते बिलावर बेअरिंगच्या साइजवरून कळतं.

चालवून बघायला साताऱ्याकडच्यांना पसरणी घाट हातचा आहे. वाईहून पाचगणीला चढताना इंजिन कळतं, उतरताना ब्रेक. चढावर गिअर खाली टाकताना दुसऱ्यात करकर आली तर गिअरबॉक्समधली सिंक्रो रिंग घासलीय. पद्मिनी वर पोचून थांबली आणि दहा मिनिटांनी सुरू होईना, तर आधी पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवून बघा. सुरू झाली तर व्हेपर लॉक (नळीत पेट्रोलची वाफ अडकणं) आहे, म्हणजे पेट्रोलची नळी एक्झॉस्टजवळून गेलीय किंवा पंपाखालचा जाड इन्सुलेटर कुणीतरी काढून टाकलाय. मोठा दोष नाही. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये उतरा. पेडल हळूहळू खोल जायला लागलं तर ब्रेक ऑइल जुनं, त्यात पाणी शोषलेलं. खाली वाईत पोचल्यावर चारी चाकांच्या डिशजवळ हात न्या (चिकटवू नका). एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर तिथला सिलिंडर अडकतोय. कॉन्टेसाला पुढं डिस्क आणि ब्रेकचा जोर वाढवणारा बूस्टर आहे. इंजिन बंद करून पेडल चार वेळा मारा, दाबून धरा आणि सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर बूस्टर किंवा त्याची नळी.

पुढच्या चाकाचा खेळ बघायची एक पद्धत फार थोडे जण वापरतात. चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवा आणि दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर तो बेअरिंगचा, नट आवळून निघेल. राहिला तर पद्मिनीत किंगपिन, कॉन्टेसात बॉल जॉइंट. पहिलं काम तासाचं, दुसरं हजारोंचं, आणि बाहेरून दोन्ही सारखेच वाजतात.

पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्यातलं बरंचसं इथेनॉल आपल्याच कारखान्यांचं, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करणार! दोन्ही गाड्या कार्ब्युरेटरच्या, तेव्हा दोन्हींना पंपाचा डायफ्राम, कार्ब्युरेटरमधला ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्राम आणि रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या लागतील. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत इथेनॉल ओल धरतं आणि टाकी आतून गंजते. टाकीचं झाकण उघडून टॉर्च मारा. तांबूस धूळ दिसली तर टाकी उतरवायचा खर्च धरा. रविवारी एकदाच काढायची गाडी असेल तर टाकी भरलेली ठेवणं बरं.

मापही घ्या. पद्मिनी ३.९३ मीटर लांब आणि दीड मीटरच्या आत रुंद. कॉन्टेसा सुमारे ४.६ मीटर आणि १.७ मीटर. जुन्या पेठेतल्या वाड्याच्या दरवाजातून पद्मिनी आत जाते म्हणून कॉन्टेसा जाईल असं नाही. गाडी बाहेर उभी राहिली तर वर लिहिलेलं पत्र्याचं सगळं पहिल्यापासून सुरू.

कागदांबाबत एक गैरसमज आधी काढून टाकतो. २०२१च्या नियमांनी व्हिंटेज गाड्यांना 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क आहे आणि नोंदणी १० वर्षं चालते. पण त्यासाठी पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली हवीत. म्हणजे १९८४ची पहिलीवहिली कॉन्टेसासुद्धा २०३४च्या आधी त्यात बसत नाही. 'ही व्हिंटेजमध्ये करून घेता येईल' असं कॉन्टेसावाला म्हणाला तर ऐकून सोडून द्या. जुनी पद्मिनी बसू शकते, पण एकदा तो नंबर घेतला की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही; प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच. रविवारी कासला जायची हौस असेल तर साधी नोंदणी चालू ठेवून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करणंच सोयीचं. त्यासोबत पर्यावरण कर येतो, तोही धरा.

आरसीवरचा इंधनाचा प्रकार आणि इंजिन नंबर प्रत्यक्ष गाडीशी जुळवा. कॉन्टेसात पेट्रोल काढून डिझेल इंजिन घातलेल्या कितीतरी आहेत आणि कागदावर अजून पेट्रोलच. चॅसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीनं ठसा घ्या. आरटीओतही तोच मागतात. जुन्या हातानं लिहिलेल्या आरसी बुकाची नोंद आरटीओच्या 'वाहन' या ऑनलाइन प्रणालीत चढलेली नसेल तर बॅकलॉग एंट्री व्हायला वेळ जातो. ती व्यवहाराआधी मूळ मालकाकडून करून घ्यावी. मिरजेपलीकडून कर्नाटकातली केए-२२ किंवा केए-२३ची गाडी येत असेल तर एनओसी, इथला कर आणि नवा नंबर हे सगळं तुमच्या माथी येतं. तेवढ्यानं व्यवहार फिरू शकतो.

बदली झाली तरी आरटीओच्या लेखी ती दोन स्वतंत्र विक्र्या असतात. दोन्ही गाड्यांचे मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३० वेगळे, दोन्हींचा विमा आणि पीयूसी चालू हवा. विकणाऱ्यानं १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत अर्ज करायचा. 'तुमचं नाव नंतर चढवू' यावर गाडी देऊ नका. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकावर येते, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८मध्ये स्पष्ट केलेलं आहे. समोरच्यानं तुमची पद्मिनी कुठं धडकवली तर दावा तुमच्या दारात येईल.

आता वरचे पैसे. समजा तुमच्या पद्मिनीला किंगपिन, ब्रेक आणि रबर मिळून ४० हजारांचं काम आहे. समोरच्या कॉन्टेसाला पाहणीतून १ लाख २० हजारांचं निघालं. आपल्या गाडीचं काम आपल्याला ठाऊक असतं, दुसऱ्याच्या गाडीचं फक्त दिसलेलं ठाऊक असतं, म्हणून तिच्या आकड्यावर तिसरा हिस्सा चढवा: १ लाख ६० हजार. दोन्हींच्या कामातला फरक १ लाख २० हजार. तयार अवस्थेतली तशी कॉन्टेसा तयार पद्मिनीपेक्षा समजा २ लाखांनी महाग असेल, तर त्यातून हे वजा करा. ८० हजारांच्या वर देऊ नका. उत्तर उणे आलं तर पैसे त्यांनी द्यायचे, आणि हे तोंडावर सांगायला लाजायचं नाही. न मिळणारी ट्रिम या हिशेबात धरूच नका. तीनपेक्षा जास्त तुकडे गायब असतील तर किंमत कमी करून घेण्यापेक्षा दुसरी कॉन्टेसा शोधा. वरची रक्कम दोन लाख किंवा त्याहून जास्त असेल तर रोखीत घेऊ नका, आयकराला ते चालत नाही, खात्यावरच घ्या.

गाड्या हातात देताना साध्या कागदावर तारीख, वेळ, किलोमीटरचा आकडा आणि दोघांच्या सह्या घ्या. त्या क्षणापर्यंतची चलनं कुणाची, हे त्यावरून ठरतं. त्याच कागदावर गाडीबरोबर येणाऱ्या वस्तूंची यादी लिहा: दोन्ही चाव्या, जॅक, स्टेपनी, जुनी बिलं आणि मुख्य म्हणजे माळ्यावरचं सुट्या भागांचं खोकं. कॉन्टेसावाल्याच्या घरी असं एक खोकं असतंच, आणि त्यातली मागच्या दिव्याची जुनी काच गाडीबरोबर येणार की नाही, हे वरचे पैसे देण्याआधी विचारायचं.